बाबागाडी : थोरली कीं हलकी?

गेल्या महिन्यांत या सदरांत पाळणा व झोळी यांचा विचार केला होता. तो वाचून नाशिकच्या एका भगिनींनीं पत्र पाठविलें आहे. त्या लिहितात : "आमचें कुटुंब सात माणसांचें. थोरला नातू दोन वर्षांचा असून सूनबाईंना पुन्हां दिवस गेले आहेत. बाबागाडी घ्यावयाची असें ठरलें; परंतु दुकानांत गेल्यावर मतें फुटलीं. आजोबांना मोठी, भक्कम, पाळण्यासारखी गाडी पसंत पडली. सूनबाईंना छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी हवी आहे. आणि आत्याबाई म्हणतात कीं, सात माणसांच्या घरांत गाडीच कशाला? आपण काय तें सांगावें."

प्रश्न दिसावयास किरकोळ आहे. पण याच प्रश्नानें चार वर्षांपूर्वीं आमच्याही घरांत बराच खल झाला, पैसे वायां गेले, आणि एकदां तर मोठाच प्रसंग ओढवत होता. म्हणून आजचें सर्व लिखाण मीं त्यासच दिलें आहे.

बाबागाडी ही वस्तु मूळची आपली नव्हे. आपल्याकडे मूल निजे तें पाळण्यांत किंवा झोळींत, हिंडे तें कडेवर, आणि पायांवर उभें राहूं लागलें कीं त्याच्या हातीं पांगुळगाडा येई. इंग्लंडांत मात्र १७३३ च्या सुमारास विल्यम केंट या वास्तुशिल्पज्ञानें डेव्हनशायरच्या ड्यूकच्या मुलांसाठीं शिंपल्याच्या आकाराची एक गाडी बनविली. ती बकरीनें किंवा लहान तट्टानें ओढावयाची होती. पुढें हीच कल्पना माणसानें मागून ढकलण्याच्या गाडींत उतरली. १८८९ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरच्या विल्यम रिचर्डसन यांनीं जिच्यांतील पाळणी फिरवून बाळाचें तोंड आईकडे करतां येई, अशा गाडीचें पेटंट घेतलें. आजच्या थोरल्या गाड्यांची ही पूर्वपीठिका होय.

हलक्या गाडीचा जन्म निराळ्या ठिकाणीं झाला. ओवेन मॅक्लॅरन हे इंग्रज विमान-अभियंते. दुसऱ्या महायुद्धांत गाजलेल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर त्यांनीं काम केलेलें होतें. आपल्या मुलीला लेंकराच्या जड गाडीसह प्रवास करतांना किती त्रास होतो, हें त्यांनीं पाहिलें, आणि विमानाचीं चाकें जशीं पोटांत दुमडतात तशी गाडीही कां दुमडूं नये, असा विचार करून १९६५ सालीं ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीप्रमाणें मिटणारी गाडी तयार केली. तिचें वजन अवघें सहा पौंड, म्हणजे सुमारें पावणेतीन किलो होतें. एक गाडी सरदारघराण्याच्या बागेंतून आली, तर दुसरी प्रवासांत दमलेल्या आईच्या तक्रारींतून. दोहोंच्या अंगीं आपापल्या माहेरचे गुण अद्याप उतरलेले दिसतात.

आतां आमची हकीकत सांगतें. आमचें घर पुण्याच्या एका जुन्या पेठेंत, तिसऱ्या मजल्यावर आहे. वाडा पाडून इमारत झाली त्या काळीं तीन मजल्यांस लिफ्ट ठेवण्याची चाल नव्हती; त्यामुळें आजही जिना हाच एक मार्ग. नात झाली तेव्हां घरांत आम्ही चार पिढ्यांचीं आठ माणसें होतों : सासूबाई, आम्ही उभयतां, धाकटे भावजी व जाऊबाई, मुलगा, सून आणि बाळ. पहिली नात म्हणून यांनीं मोठ्या हौसेनें थोरली गाडी आणली. मोठीं रबरी चाकें, खालीं सामानाची टोपली, वर छत, आंत गादीची पाळणी. वजन साडेबारा किलो. गाडी वर आणावयासच दुकानाचा माणूस व भावजी असे दोघेजण लागले. सासूबाईंनीं चष्मा पुसून ती नीट न्याहाळली आणि म्हणाल्या, "माझीं पांच मुलें कडेवर वाढलीं. हा रथ कोणासाठीं?" शिवाय रस्त्यावर फिरलेलीं चाकें पुसल्याखेरीज उंबरा ओलांडायचा नाहीं, असा दंडकही त्यांनीं घालून दिला, तो आरोग्याच्या दृष्टीनें योग्यच होता.

पहिले कांहीं महिने गाडी घरांत पाळण्यासारखी उपयोगीं पडली. बाळ आठ महिन्यांचें झाल्यावर एके दिवशीं सायंकाळीं सारसबागेस जावयाचें ठरलें. मुलानें पुढची बाजू धरली, मीं मागची, आणि बाळासकट गाडी जिन्यानें खालीं नेण्यास आम्हीं आरंभ केला. साडेबारा किलोंची गाडी, आठ किलोंचें बाळ. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर चाक कठड्याच्या गजांत अडकलें, गाडी कलली आणि माझा हात सुटला. पट्टा लावलेला होता म्हणून बाळ गाडींतच राहिलें, आणि मुलानें गाडी आपल्या गुडघ्यावर झेलली म्हणून ती गडगडली नाहीं. बाळाला खरचटलेंही नाहीं. पण तो क्षण आठवला कीं माझे हातपाय आजही गार पडतात. मूल आंत बसलेलें असतांना गाडी जिन्यावरून कधींही उचलूं नये, हा नियम त्या गाडीबरोबर आलेल्या माहितीपत्रकांत पहिल्याच पानावर छापलेला होता. आम्हीं तो प्रसंगानंतर वाचला.

त्या दिवसापासून गाडी खालीं जिन्याखालच्या बोळांत, चादर घालून ठेवली गेली. सूनबाई घरूनच कचेरीचें काम करीत असे. मुलीला घेऊन बाहेर पडावयाचें तर खालून गाडी काढावयास, बाळ धरावयास कोणी तरी सोबत हवें; आणि ज्या वेळीं तिला सवड असे त्या वेळीं कोणी निजलेलें, कोणी पूजेंत, कोणी कामावर गेलेलें. तिनें तक्रार केली नाहीं. केवळ बाहेर जाणें सोडून दिलें. हें आमच्यापैकीं कोणाच्याही ध्यानांत आलें नाहीं. आलें तें सासूबाईंच्या.

दिवाळींत भाऊबीजेच्या ओवाळणीचे पैसे त्यांनीं माझ्या हातीं ठेविले आणि म्हणाल्या, "हिला उचलेल अशी गाडी आणा. मीं थट्टा केली खरी. पण कडेवर मूल नि हातांत पिशवी असतां मी आठ वर्षें एकटी तुळशीबागेंत गेलें नव्हतें. कोणी आडकाठी केली नव्हती. जमतच नव्हतें."

सहा किलोंची, मिटून खांद्याला अडकवितां येणारी गाडी आली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं सूनबाईनें गाडी पट्ट्यानें पाठीवर टाकली, मुलीला एका हातानें कडेवर घेतलें, दुसऱ्या हातानें कठडा धरला, आणि कोणालाही हांक न मारतां ती जिना उतरून गेली. तासाभरानें परत आली ती भाजी घेऊन. एवढीच गोष्ट, पण त्या दिवशीं घरांत निराळेंच वारें आलें.

या अनुभवावरून हलकी गाडीच श्रेष्ठ, असा निकाल मात्र कोणी देऊं नये. दोहोंचे गुणदोष नीट पाहिले पाहिजेत.

थोरल्या गाडीचें वजन सामान्यतः दहा ते पंधरा किलो असतें. म्हणजे पाण्यानें भरलेली मोठी बादलीच समजावी. रुंदी साठ सेंटिमीटरांच्या आसपास. तिचा पहिला गुण असा कीं, तिच्यांत बाळाला पूर्ण आडवें निजवितां येतें. नवजात बाळाची मान धरलेली नसते. त्याला अर्धवट बसतें ठेवलें तर डोकें पुढें झुकून हनुवटी छातीला टेकते व श्वासास अडथळा येऊं शकतो. म्हणून आधारावांचून बसूं लागेपर्यंत, म्हणजे साधारण सहा महिन्यांपर्यंत, पाठ सपाट राहील अशीच गाडी हवी. दुसरा गुण चाकांचा. चाक जितकें मोठें तितकें तें खड्डा, उंचवटा किंवा फरशींतील फट सहज ओलांडतें, आणि खालीं स्प्रिंग असल्यास बाळाला हिसके कमी बसतात. तिसरा गुण, पुष्कळ थोरल्या गाड्यांत बैठक फिरवून बाळाचें तोंड आपल्याकडे करतां येतें. स्कॉटलंडांतील डंडी विद्यापीठाच्या सुझॅन झीडिक यांनीं २००८ सालीं केलेल्या पाहणींत असें आढळलें कीं, बाळ समोरासमोर असतां मोठीं माणसें त्याच्याशीं अधिक बोलतात. आजीला हें सांगावयास पाहणी नको. तरी गाडी निवडतांना तें ध्यानांत ठेवावें.

दोष आपण पाहिलेच. जिना, अरुंद बोळ, रिक्षा, लहान मोटारीची डिकी, या सर्वांशीं तिचें वांकडें. मिटली तरी ती एक मोठें गाठोडेंच राहते.

हलक्या गाडीचें वजन पांच ते आठ किलो व रुंदी पंचेचाळीस ते पन्नास सेंटिमीटर. तिच्यांत दोन जाती आहेत. एक छत्रीघडीची, ती मिटल्यावर लांब काठीसारखी होते व दाराआड उभी राहते. दुसरी चौकोनी घडीची. ती लहानशा बॅगेएवढी होऊन रिक्षांत पायांशीं मावते, आणि कांहीं विमानांत डोक्यावरच्या कप्प्यांतही जाते. मुलीच्या बाळंतपणासाठीं परदेशीं जाणाऱ्या व नातवंडांना घेऊन येणाऱ्या कुटुंबांना ही दुसरी जात विशेष सोयीची. पुण्यांत ६ मार्च २०२२ रोजीं मेट्रो सुरू झाली. तिच्या स्थानकांत लिफ्ट असल्यामुळें अशी गाडी घेऊन एकटी आईही प्रवास करूं शकते.

तिचे दोषही स्पष्ट सांगितले पाहिजेत. साध्या छत्रीघडीच्या गाडीची बैठक झोळीसारखी असते. तिच्यांत सहा महिन्यांच्या आंतील बाळ ठेवूंच नये. चाकें लहान असल्यानें तीं फरशीच्या फटींत व गटाराच्या जाळींत अडकतात. आमच्या गल्लींत असें चाक अडकून गाडी एकदम थांबली व नात पुढें झेपावली. पुन्हां पट्ट्यानेंच निभावलें. जंगली महाराज रस्त्यावरील रुंद केलेल्या पदपथांवर ती लोण्यासारखी सरकते, पण पेठेंतील उखडलेल्या कडेनें जातांना तिला पुढून किंचित् उचलून चालवावी लागते. शिवाय मागें दांड्याला भाजीची पिशवी अडकविण्याचा मोह होतो. मुलाला उचललें कीं पिशवीच्या भारानें गाडी मागें उलटते; आणि मूल आंत असतांना उलटली तर डोक्यास इजा होते. पिशवी खालच्या टोपलींत किंवा आपल्या खांद्यावर असावी.

गाडी कोणतीही घ्या, पुढील गोष्टी दुकानांतच पाहून घ्याव्या. पट्टा पांच टोकांचा असावा, म्हणजे दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून व एक मांड्यांमधून येणारा. ब्रेक दाबून उतारावर गाडी ढकलून पाहावी. घडी उघडल्यावर कुलूप खट्कन बसतें कीं नाहीं, हें स्वतःच्या हातानें तपासावें. सांध्यांवर झांकण असावें. २००९ सालीं अमेरिकेंत छत्रीघडीच्या सुमारें दहा लाख गाड्यांच्या सांध्यांवर आवरणें बसवावीं लागलीं, कारण घडी उघडतांना मुलांच्या बोटांचीं टोकें तुटल्याच्या तक्रारी आल्या होत्या. म्हणून गाडी उघडतांना वा मिटतांना मूल दोन हात दूर उभें असावें. युरोपचें ईएन १८८८ किंवा अमेरिकेचें एएसटीएम एफ ८३३ हें मानक गाडीवर लिहिलेलें असल्यास उत्तम.

उन्हाबद्दल एक सूचना. ऊन लागूं नये म्हणून पुष्कळ आया गाडीच्या छतावरून ओढणी किंवा पंचा सोडतात. माया खरी, पण त्यामुळें आंतील हवा कोंडून उष्णता झपाट्यानें वाढते आणि बाळ आपल्याला दिसेनासें होतें. वैशाखांत सकाळीं लवकर किंवा सूर्यास्तानंतरच बाहेर पडावें. डांसांसाठीं विरळ जाळी मात्र चालेल. तींतून वारा खेळतो.

आतां घर वाढत असतां काय करावें? दुसरें मूल येणार म्हटलें कीं दुकानदार जोडगाडी दाखवितो. शेजारीं शेजारीं बसण्याची जोडगाडी सुमारें पंचाहत्तर सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद असते. आपल्या घरांतील खोल्यांचीं दारें बहुधा अडीच फुटांचीं, म्हणजे तेवढींच. एकामागें एक बसण्याची असली तर ती लांब व फारच जड. जुळीं असल्यास तिला पर्याय नाहीं. पण दोन-अडीच वर्षांचें अंतर असलेल्या भावंडांसाठीं ती बहुधा दवडलेला खर्च ठरते. थोरलें मूल लौकरच गाडींत बसावयास नकार देतें. थोरल्या गाडीच्या मागें बसविण्याची उभें राहण्याची फळी मिळते. तिच्यावर थोरलें उभें राहतें व धाकटें आंत निजतें. फळी त्या गाडीला बसते कीं नाहीं, हें आधीं विचारावें. किंवा धाकट्याला छातीशीं कापडी झोळींत बांधून थोरल्याला हलक्या गाडींत बसवावें. झोळींत बाळाचा चेहरा सदैव दिसावा, नाक मोकळें असावें, हनुवटी छातीला टेकूं नये, एवढें पाळलें म्हणजे झालें.

एकत्र कुटुंबांत गाडी एका मुलापुरती नसते. ती चुलत, आते, मामे भावंडांत फिरते, आणि फिरावी. आमची ती थोरली गाडी अखेर वन्संच्या घरीं कोथरुडास गेली. तेथें लिफ्ट आहे, खालीं सपाट अंगण व बाग आहे. त्यांच्या नातवानें पहिलें वर्ष तिच्यांतच काढलें, आणि वन्संनीं तिची इतकी स्तुति केली कीं यांना आपली निवड चुकली नव्हती असें वाटूं लागलें. चुकली नव्हतीच, घर चुकलें होतें. मात्र दुसऱ्याची गाडी घेतांना ब्रेक, कुलूप, पट्ट्याची शिवण व चाकें नव्यानें तपासावीं. कापड उसवलें असेल तर घरीं टांके न घालतां मूळ भाग मागवावा.

आतां नाशिकच्या भगिनींना उत्तर. आपण कितव्या मजल्यावर राहतां, तें पत्रांत लिहिलेलें नाहीं, आणि सर्व निर्णय त्यावरच अवलंबून आहे. घर तळमजल्यावर असेल किंवा लिफ्ट असेल, तर आजोबांची थोरली गाडी अवश्य घ्यावी. पहिल्या सहा महिन्यांस ती उत्तम, आणि मागें फळी लावली कीं थोरल्या नातवाचीही सोय होते. जिना असेल, तर सूनबाईंचें म्हणणें ऐकावें. मात्र जिची पाठ पूर्ण आडवी होते व जिच्या माहितीपत्रकांत जन्मापासून वापरण्यास योग्य असें स्पष्ट लिहिलें आहे, अशीच हलकी गाडी निवडावी. ती छत्रीघडीपेक्षां एकदोन किलो जड व थोडी महाग पडेल, पण सहा महिने थांबावें लागणार नाहीं. शक्य असेल तर दुकानांत आठ-नऊ किलो सामान गाडींत ठेवून सूनबाईंना ती चालवून पाहूं द्यावी, नंतर रिकामी गाडी एका हातानें मिटून दहा पायऱ्या चढून उतरूं द्यावी. आजोबांनीं त्या वेळीं मदत करूं नये.

आत्याबाईंनाही एक विनंती. घरांत माणसें सात आहेत, हें खरें. पण एखाद्या कामाच्या दिवशीं दुपारीं चार वाजतां त्यांपैकीं किती हात मोकळे असतात, तें एकदां मोजून पाहावें. आम्हीं मोजले नव्हते. आमच्याकडे माणसें आठ होतीं, आणि त्या वेळीं मोकळे हात दोनच निघाले. तेही सूनबाईचे, आणि त्यांत बाळ होतें.